सायझिंगचे औषध आणि टाकीतला अमोनिया

मागे एकदा ईदच्या सीझनच्या तोंडावर आमचे पॉपलीनचे दोन ट्रक ग्रे एका प्रोसेस हाऊसमध्ये अडकून पडले. कापडात खोट नव्हती, मजूर हजर होते, रंग येऊन पडलेला होता. बंद पडली होती ती कारखान्यामागची सांडपाण्याची टाकी. नमुन्यात अमोनिया मर्यादेबाहेर निघाला, मशीन थांबविण्याचा हुकूम आला आणि तीन आठवडे आमचा माल गोदामात बसून राहिला. तोपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरीकडून कापड उचलले. आम्ही तावातावाने जाब विचारायला गेलो, तर तिथला केमिस्ट शांतपणे म्हणाला, "शेठ, टाकीतले जीवाणू मेले. कशाने मेले ते तुमच्या सायझिंगवाल्याला विचारा."

आम्हाला त्याचा राग आला. माल आमचा अडकला आणि वर दोषही आमच्याच पदरात! पण व्यापाऱ्याने रागात हिशोब करू नये. आम्ही विचारपूस सुरू केली, दोन-तीन ठिकाणच्या टाक्या पाहिल्या, जाणकारांशी बोललो. तेव्हा कळले की केमिस्टचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे असू शकते. भिवंडीतले आपले कितीतरी बांधव याच धंद्यात आहेत, म्हणून समजले ते इथे मांडतो.

प्रथम अमोनिया म्हणजे काय ते. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे मास्तर नौशादर म्हणत, मराठीत त्याला नवसागर म्हणतात. मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा, तापलेल्या भांड्यावर नवसागराची चिमूट टाकायचा आणि नाकात झोंबणारा वास उठायचा. तोच अमोनियाचा वास. सांडपाण्यात तो मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट माणसाच्या मैलापाण्याची. दुसरी आपल्या धंद्याची, म्हणजे युरियाची. रिअॅक्टिव्ह रंगाच्या प्रिंटिंगमध्ये एक किलो पेस्टला 100 ते 200 ग्रॅम युरिया पडतो, आणि धुलाईत त्यातला बराचसा पाण्याबरोबर निघून जातो. पाण्यातले जंतू त्याचा अमोनिया करतात.

जरा हिशोब करून पाहा. हजार किलो पेस्ट, किलोला 150 ग्रॅम युरिया, म्हणजे 150 किलो. युरियात नत्राचे प्रमाण शंभरात 46, म्हणजे सुमारे 69 किलो नत्र. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारने 2016 साली जी मर्यादा ठरविली ती अमोनियातील नत्राला लिटरमागे 50 मिलिग्रॅम. सगळा युरिया पाण्यात उतरला असे धरले, तर नुसते पाणी मिसळून या मर्यादेत यायला जवळजवळ 14 लाख लिटर पाणी लागेल. आपल्या भागात पिण्याचा टँकर मिळताना काय दमछाक होते ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा पाणी घालून अमोनिया पातळ करण्याची गोष्ट कोणी बोलू नये.

मग तो घालवायचा कसा? याला स्वस्तातला इलाज एकच, जीवाणूंचा. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे सोऱ्याच्या घरचा पदार्थ, उर्दूत ज्याला शोरा म्हणतात. जुन्या काळी शेण आणि मुताची माती मुरवून सोरा काढीत तोही याच जीवाणूंच्या मेहनतीवर, फक्त काढणाऱ्यांना ते माहीत नव्हते. यापुढे तिसरी टोळी येते. हिला हवा बंद असलेली टाकी आणि खायला थोडा सेंद्रिय माल लागतो. ती नायट्रेटचा प्राणवायू वापरून टाकते आणि नत्र साध्या वायूच्या रूपाने हवेत सोडून देते. आपण श्वास घेतो त्या हवेत चार-पंचमांश हिस्सा याच वायूचा आहे, त्यामुळे तो गेला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

ही टाकीची पद्धत कापडाच्याच गावी जन्मली, हे वाचकांना सांगायला आम्हाला मौज वाटते. मँचेस्टर शहर सुताच्या गिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध. तिथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या वेळी सगळ्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. त्यांनी वरचे पाणी ओतून दिले, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे पाणी घातले. असे करीत गेल्यावर तेच काम चोवीस तासांत होऊ लागले. 1914 साली त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. गाळ म्हणजे घाण नव्हे, कारीगरांची वस्ती आहे, हे तिथे प्रथम उमगले. आजही आपल्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर चालतात ते त्याच तत्त्वावर.

आता अडचणीची गोष्ट. टाकीतले सगळे जीवाणू सारख्या तब्येतीचे नसतात. खळ, चरबी, साबण खाणारे जीवाणू दांडगे. चांगले खाणे मिळाले की काही तासांत दुपटीने वाढतात. अमोनियावर काम करणारे मात्र फार सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. शिवाय त्यांना हवा भरपूर लागते. एक किलो अमोनिया-नत्राला साडेचार किलोच्या वर प्राणवायू खर्च होतो, आणि पाण्यातला क्षार सात किलोंहून अधिक. हे कारीगर म्हणजे बारीक नक्षीचे काम करणारे. हात सफाईदार, पण तब्येत नाजूक आणि बदली माणूस मिळणे मुश्कील.

या नाजूक कारीगरांना आपल्या धंद्यातली कोणती चीज मारते? इथे सायझिंगचा विषय येतो, आणि त्यावर आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत.

बीमाच्या ताण्याला खळ चढविल्याशिवाय लूम चालत नाही. मक्याचा स्टार्च, चिंचोक्याची पावडर, त्यात थोडी चिकणाई. खळ म्हणजे बुरशीला मेजवानी. भिवंडीचा पावसाळा आपणा सर्वांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर ग्रे ताका गोदामात पंधरा दिवस राहिला तरी काळे-पिवळे ठिपके उठतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हणून सायझिंगवाले खळीत बुरशी मारणारे औषध घालतात. आमच्या वडिलांच्या काळी मोरचूद, ज्याला आपल्याकडे नीला थोथा म्हणतात, आणि जस्ताचा क्लोराइड वापरीत. पुढे पेंटाक्लोरोफिनॉल नावाचे जहाल औषध आले. स्वस्त होते आणि थोडक्यात काम होत असे. जर्मनीने 1989 साली त्यावर बंदी आणली आणि मालात किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळल्यास माल नको असे ठरविले. तेव्हा कातडे निर्यात करणाऱ्या आपल्या देशातल्या व्यापाऱ्यांची धावपळ उडाली होती. आता फॉर्मेलिन आणि तऱ्हेतऱ्हेची नवी तयार औषधे ड्रममधून येतात. ड्रमवर कंपनीचे नाव मोठे असते, आत काय आहे ते बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

लक्षात घ्या, जे औषध खळीतल्या बुरशीला मारते त्याला टाकीतला जीवाणू वेगळा ओळखू येत नाही. सायझिंगमध्ये खळ उरते, रात्री पेट्या धुतल्या जातात, ते पाणी गटारात जाते. हा भाग डोळ्यांना दिसतो. न दिसणारा भाग असा की औषध ताण्याबरोबर ताक्यात जाते. भिवंडीचा ग्रे डोंबिवली, तारापूर, अहमदाबाद, पाली, बालोतरा अशा ठिकाणी प्रोसेसला जातो. तिथे पहिले काम खळ उतरविण्याचे. कॉटन प्रोसेसिंगच्या सांडपाण्यात जो सेंद्रिय बोजा असतो त्याचा जवळजवळ अर्धा हिस्सा एकट्या खळीचा असतो असे जाणकार सांगतात. त्या खळीबरोबर आपले औषधही तिथल्या टाकीत उतरते. म्हणजे ड्रम भिवंडीत फुटतो आणि कारीगर दुसऱ्याच गावी मरतो. आमच्या दोन ट्रकांचे असेच झाले की काय, हे आज सिद्ध करता येणार नाही. त्या दिवसांत त्या हाऊसमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल होता आणि कोणाच्या सायझिंगमध्ये काय पडले होते याचा कागद एकाकडेही नव्हता. आमच्याकडेही नव्हता.

सगळा दोष सायझिंगच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. प्रोसेस हाऊसच्या आतही जहर थोडे नसते. सल्फर ब्लॅक रंगाचे सल्फाइड, जुन्या रीतीने रंग पक्का करताना वापरलेले बायक्रोमेट, ब्लीचचा उरलेला क्लोरीन, रंग पक्का करणारी आणि कापड मऊ करणारी काही रसायने, ही सर्व अमोनियाच्या जीवाणूंना बाधतात. मर्सरायझिंगचा कॉस्टिक एकदम टाकीत गेला की पाणी इतके अल्कधर्मी होते की पाण्यात विरघळलेला अमोनिया वायूच्या रूपात येतो. तो मासळीलाही मारतो आणि नायट्राइटवर काम करणाऱ्या जीवाणूंनाही.

सर्वांत चकित करणारी चीज थायोयुरिया. नाव युरियासारखे, स्वभाव उलटा. अमोनियावर पहिला हात चालविणाऱ्या जीवाणूच्या एन्झाइममध्ये तांबे असते. थायोयुरियाच्या जातीचे पदार्थ त्या तांब्याला धरून बसतात आणि कारीगराचा हात जागीच बांधला जातो. 1966 साली इंग्लंडच्या टॉमलिन्सन, बून आणि ट्रॉटमन यांनी मोजमाप करून ठेवले आहे. लिटरला एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा थायोयुरिया नव्हते, तरी काम पाऊण हिश्श्याने थांबले. फिनॉलला त्यासाठी साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लागले. हजार लिटरच्या टाकीत चिमटीत मावेल एवढी पूड पुरे, म्हणजे किती कमी ते पाहा. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती आपल्या उपयोगाची आहे. ज्या गाळाला एखाद्या पदार्थाची हळूहळू सवय होते तो पुढे त्याचे जास्त प्रमाणही सोसतो. अचानक आलेला घाला घातक असतो.

हाच परिणाम शेतात मात्र मुद्दाम घडवून आणतात. 2015 पासून आपल्या देशात युरिया निंबोळी तेल लावूनच विकला जातो. कडुनिंबामुळे जमिनीतले हेच जीवाणू सुस्तावतात, नत्र लवकर वाहून जात नाही आणि पिकाला पुरून उरते. शिवाय अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्यात हेतू होता. जे शेतकऱ्याला हवे ते टाकीवाल्याला नको. रसायन तेच, जागा बदलली की नफ्याचे नुकसान होते.

मालक मंडळींना हे वेळेवर का कळत नाही? कारण टाकी वरून ठीक दिसते. खळ-साबण खाणारे दांडगे जीवाणू जिवंत असतात, पाणी बऱ्यापैकी निवळते, बीओडीचा आकडा बरा येतो. इतकेच नव्हे, प्रयोगशाळेत बीओडी मोजताना नायट्रेटच्या क्रियेची गडबड नको म्हणून पुष्कळदा बाटलीत थायोयुरियाच्याच घरचे एक रसायन मुद्दाम घालतात. तेव्हा अमोनियाचे कारीगर मेले आहेत की जिवंत, हे तो आकडा सांगू शकत नाही. रिपोर्ट हिरवा आणि टाकी आजारी, असा प्रकार घडतो.

खरी खूण दुसरीकडे असते. टाकीत येणारा अमोनिया आणि बाहेर पडणारा अमोनिया सारखाच निघाला, पाण्यातला नायट्रेट नाहीसा झाला, ब्लोअर तेवढाच चालत असताना पाण्यातला प्राणवायू एकाएकी वाढला, पीएच वर चढू लागला, की समजावे हात थांबले. प्राणवायू वाढला म्हणून ऑपरेटर खूश होतो आणि वीज वाचवायला ब्लोअर कमी करतो. त्याने उरलेसुरले कारीगरही गुदमरतात. अमोनिया आणि नायट्रेट मोजण्याच्या रंगाच्या छोट्या किट बाजारात मिळतात. रोज सकाळी दोन नळ्या भरायला दहा मिनिटे पुरतात.

एकदा मेल्यावर पुन्हा उभे करणे हे महिन्याचे काम धरा. औषध येणे थांबवायचे, गाळ फेकणे जवळजवळ बंद ठेवायचे, कारण सावकाश वाढणारे जीवाणू गाळाबरोबर निघून जातात, आणि चांगल्या चालणाऱ्या मैलापाणी केंद्राचा ताजा गाळ आणून विरजणासारखा टाकीत सोडायचा. आपला कोकणपट्टीचा उष्मा इथे मदतीला येतो. थंड देशात हेच काम हिवाळ्यात रेंगाळते. नवे औषध वापरात घेण्यापूर्वी आपल्याच टाकीचा गाळ दोन बादल्यांत घेऊन, एकीत औषधाचे पाणी घालून आणि दुसरीत न घालता, दोन्हींत सारखाच नवसागर टाकून, हवा सोडून काही तासांनी नायट्रेट मोजले तरी पुष्कळ समजते. प्रयोगशाळेसाठी याची आंतरराष्ट्रीय पद्धत आयएसओ 9509 या क्रमांकाने ठरलेली आहे. बाहेरून करून घेताना तो क्रमांक सांगावा.

हे सगळे टाकीच्या भिंतीआड राहत असते तर आम्ही लिहिले नसते. पण अमोनिया पाण्याबरोबर घरी परत येतो. भिवंडीच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग स्टेम योजनेतून उल्हास नदीचा असतो. त्याच उल्हासच्या आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने 2015 साली डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या सामायिक केंद्रांना आणि महापालिकांना दंड सुनावला. उल्हासवर मोहने भागात जलपर्णीचा गालिचा पसरतो तो नत्र आणि फॉस्फरस यांच्याच जोरावर. पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन आधी त्याच्याशी झुंजण्यात खर्च होतो. दिल्लीत यमुनेचा अमोनिया वाढला की वझिराबादचे जलशुद्धीकरण केंद्र कमी चालवावे लागते किंवा थांबवावे लागते, हे जवळजवळ दर हिवाळ्यात ऐकू येते. तिथल्या जल बोर्डाने पानिपतकडच्या नाल्यांकडे वारंवार बोट दाखविले आहे. पानिपतही आपल्यासारखेच विणकरांचे गाव आहे.

तारापूरला दावा घेऊन गेले ते मांगेला समाजाचे मच्छीमार. खाडीत मासळी मिळेना म्हणून. 2022 च्या जानेवारीत लवादाने सामायिक केंद्राला आणि शंभराच्या आसपास कारखान्यांना भरपाई लावली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तिरुपूरची गोष्ट अधिक जुनी. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या हुकुमाने तिथली शेकडो डाईंग युनिट एकदम बंद झाली. ती लढाई मुख्यतः मिठाच्या पाण्याची होती, अमोनियाची नव्हती. पण बंद पडताना स्वच्छ काम करणारा आणि गाफील राहणारा असा फरक फारसा झाला नाही. सामायिक टाकीत असेच असते. शंभर जणांचे पाणी एकत्र येते आणि एकाने रात्री ओतलेला अर्धा ड्रम शंभर जणांच्या कारीगरांना मारतो. नमुना टाकीच्या तोंडावर घेतात, ओतणाऱ्याच्या दारात नाही.

आपल्या कामवारीची हालत तर डोळ्यांसमोरच आहे. ती शहराजवळून वाहत खाडीला मिळते आणि तिच्या पाण्याचा रंग पाहून आज कोणत्या डाईंगमध्ये कोणता शेड चालू आहे हे सांगता येते, असा विनोद चहाच्या टपरीवर चालतो. आम्हाला त्याचे हसू येत नाही. आमच्या लहानपणी तिथे पोरे पोहत असत.

करण्यासारखे फार महाग नाही. सायझिंगवाल्याने औषधाचे नाव आणि प्रमाण लिहून ठेवावे, पावसाळ्यात लागेल तेवढेच घालावे आणि कोरड्या महिन्यांत, माल लवकर उठणार असेल तर, बंद ठेवावे. उरलेली खळ गटारात न ओतता दुसऱ्या दिवशीच्या मिश्रणात घ्यावी. जुन्या ड्रमचे तळ धुऊन एकदम सोडू नयेत. प्रोसेसवाल्याने पाणी आधी मोठ्या हौदात चोवीस तास एकत्र करून सारख्या धारेने टाकीत घ्यावे, म्हणजे अचानक घाला पडणार नाही. मोरचूद आणि क्रोमियम यांना मात्र हौदाचा उपाय पुरत नाही. ते गाळात साठत जातात, त्यांना आधीच वेगळे काढावे लागते. प्रिंटिंगवाल्यांनी युरिया कमी करता येतो का ते पाहावे. वाफेचा ओलावा नीट राखला तर काही शेडमध्ये ते जमते असे कारीगर सांगतात.

आम्ही आपल्यापुरते एक सुरू केले आहे. ग्रे पाठविताना चलनाबरोबर एक चिठ्ठी जोडतो. कोणत्या सायझिंगचा बीम, खळ कशाची, औषध कोणते आणि किलोमागे किती. ज्या तीन सायझिंगवाल्यांकडून आमचा ताणा येतो त्यांतल्या दोघांनी लिहून द्यायला सुरुवात केली. तिसऱ्याने, जो आमचा जुना दोस्त आहे, चिठ्ठीकडे पाहून विचारले, "भाईजान, आता खळीचाही निकाहनामा करायचा का?" आम्ही त्याला चहा पाजला आणि चिठ्ठी तिथेच ठेवून आलो. पुढच्या गुरुवारी त्याच्याकडचा बीम उतरणार आहे.